दोन बोटं

साखरेचा डबा वर सरकलाय, एलेओदोरो.
मी नाही सरकवला.
फळी तीच, तूच ठोकलेली.
ठोकलेली नव्हे, बसवलेली; चुकले.
या घरात खिळ्याचं नाव काढायचं नाही.
सायप्रसच्या खुंट्या, आलेर्सेच्या फळ्या,
आणि सांध्यात सांधा असा
की खाडीवरचं वारं नुसतं हुंगून परत जातं.

तरी डबा वर गेला.
टाचा उचलून पाहिलं,
बुडाला जेमतेम बोटं लागली.
आणि बोटं तरी कुठे माझी राहिलीत?
आपल्या बेटावरचे ते काळे बटाटे असतात ना,
गाठीगाठीचे, सोलता न येणारे,
तसे दहा.

दाराच्या चौकटीवर रोसामेलच्या, ओर्तेन्सियाच्या
उंचीच्या खुणा आहेत.
सगळ्यात वर तुझी नि माझी,
लग्नाच्या वर्षी हौसेनं कोरलेली.
काल तू शेडमध्ये असताना
मी पाठ टेकून उभी राहिले,
डोक्यावर पावाची सुरी आडवी धरली.
दोन बोटं.
दोन बोटं मी कुठे सांडली?

जेवताना सांगितलं तर म्हणालास,
लाकूड वाळलं की रुंदीत आक्रसतं,
उंचीत नाही.
बाईमाणसाचं उलटं दिसतंय.
मी रस्सा वाढता वाढता
हात आखडता घेतला.

पहाटे पाचला तू उठतोस.
आधी उजवा गुडघा बोलतो, मग पलंग, मग जमीन.
मी डोळे मिटून मोजते.
ह्याच गुडघ्याला बाशिंग बांधून
भरतीची वाटही न पाहता
ओहोटीच्या चिखलातून चालत आला होतास,
मांड्यांपर्यंत काळा,
आणि माझ्या बापानं आधी तुला विहिरीवर पाठवलं होतं.

कास्त्रोच्या दवाखान्यात
त्या पोरसवदा डॉक्टरणीनं फिल्म उजेडात धरली.
तू चष्मा लावून बराच वेळ पाहिलंस.
"सांधा घट्ट बसलाय की," म्हणालास,
जरा अभिमानानंच.
ती म्हणाली, आजोबा, तेच तर दुखणं.
मध्ये गादी होती, ती झिजून गेली.
इथे फट हवी.

फट हवी!
पन्नास वर्षं जी बुजवत आलास,
देवळाच्या खांबात, होडीच्या पोटात, आपल्या छपरात,
ती तुझ्या आत हवी होती
आणि तीच नेमकी बुजली.

धातूचा बसवू, ती म्हणाली. सिमेंट लावून.
तू टोपी घातलीस.
यादीत नाव आहे. तुझ्या पुढे चारशे गुडघे.
परतीच्या बोटीत तू पाण्याकडे पाहत होतास
आणि मी तुझ्याकडे पाहत नव्हते.

मग देवळातून बोलावणं आलं, मोठा खांब कुरकुरतोय म्हणून.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तू थांबलास.
खाली उतरलास, खांबाला कान लावलास,
आणि वर चढलेल्या बास्त्यानला सांगत राहिलास:
इथे ठोक. जरा डावीकडे. हां, तिथे पोकळ आहे.
दुपारभर.
त्या रात्री मेंढीची चरबी मी तुला मनगटानं चोळली,
बोटं वळत नव्हती म्हणून.
तू म्हणालास, पोराचा हात बरा आहे.
एवढंच.

आज पहाटे रंध्याचा आवाज आला.
वाटलं, कुणाच्या होडीचं काम असेल, मी कूस बदलली.
उठून चुलीपाशी आले, चहाला आधण ठेवलं,
हात सवयीनं वर गेला
आणि डबा हाताशीच होता.

फळी खाली आलीय.
जुनी भोकं तू खुंट्यांनी बुजवलीस,
इतकी साफ की नख अडकत नाही.
मी मोजलं. तीन बोटं.
माझी तर दोनच हरवलीत.
तिसरं कशाला, ते मी विचारलं नाही;
लाकूड पुढे वाळेल म्हणून
तू नेहमीच थोडी सोय ठेवतोस.

चुलीपुढे छिलक्यांचा ढीग पडलाय, कुरळा, वासाचा.
तू त्याला वळसा घालून बसलास,
मी वळसा घालून चहा दिला.
वाकायचं कुणी
यावर अजून आपण बोललेलो नाही.